खोडरबर मॅडम

मॅडमच्या हातात काहीही दिलं तरी त्या ते आधी उलटं करून बघत. पेढ्यांचा खोका आला की वरची रांग बाजूला सारून खालची बघायच्या. चहाचा कप आला की तो उचलून आधी बशी तपासायच्या. लग्नपत्रिकेची मागची कोरी बाजूसुद्धा त्यांनी नीट पाहिलेली मला आठवते. एकदा कॉलेजच्या कार्यक्रमात त्यांना शाल दिली, तर भर स्टेजवर त्यांनी शालीची उलटी बाजू बोटांनी चाचपली. प्रमुख पाहुणे फोटोसाठी हसत उभे आणि मॅडमचं सगळं लक्ष शिवणीवर. तो फोटो आमच्या खोलीत बरेच दिवस लावलेला होता.

ही खोली म्हणजे अमरावतीतल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या वर्कशॉपमागची, खिडक्यांना काळे कागद चिकटवलेली खोली. उजेडामुळे पडद्यावरचे राखाडी रंग नीट कळत नाहीत, म्हणून ते कागद. आम्ही तिथे स्कॅनवरून माणसाच्या अंगाची मॉडेल्स करायचो. सीटी स्कॅन काढला की आडवे काप घेतल्यासारखे ढीगभर फोटो मिळतात. प्रत्येक कापावर हाड कुठे संपतं, मांस कुठे सुरू होतं, गाठ कुठवर गेली आहे, ते वेगवेगळ्या रंगांनी भरायचं. मग संगणक ते काप एकावर एक रचतो आणि त्या माणसाचा जबडा किंवा यकृत पडद्यावर उभं राहतं. सर्जन ते फिरवून बघतात आणि कुठून कापायचं ते आधीच ठरवून टाकतात. हल्ली निम्मे रंग संगणक आपणहून भरतो आणि चुकतो तेव्हाही मोठ्या ऐटीत चुकतो. त्याच्या चुका शोधणं हे आमचं काम होतं.

मॉडेल तयार झालं की मॅडम आमच्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहत. आमच्या हातातला माऊस काढून घेत, आणि एक शब्दही न बोलता कुठलातरी एक तुकडा खोडून टाकत. मग म्हणत, "आता सांग, हे तू काहून रंगवलं होतं?" सांगता आलं तर तुकडा परत मिळायचा, नाही आलं तर गेला. यावरून आम्ही त्यांचं नाव खोडरबर मॅडम ठेवलं. नाव त्यांच्या कानावर गेलंच. रागावल्या नाहीत. कुणी ठेवलं एवढं मात्र त्यांनी आठवडाभर शोधलं आणि भलत्याच मुलावर आळ घेतला.

त्या मूळच्या शरीररचनाशास्त्राच्या प्राध्यापक. मेडिकल कॉलेजात अर्धी हयात मुलांना शवविच्छेदन शिकवलं आणि निवृत्तीनंतर आमच्याकडे आल्या. घर अकोल्याला. रोज गाडीने बडनेऱ्यापर्यंत येत आणि तिथून ऑटोने. ऑटोवाला ठरलेला, रस्ता ठरलेला, तरी एखाद्या दिवशी त्याने खड्डा चुकवायला गल्ली बदलली की मॅडम आतून ओरडायच्या, "इकून काहून?" तो बिचारा मला एकदा म्हणाला, "ताई, तुमच्या मॅडमले माह्यावर भरवसा नाई, अन् दुसऱ्याच्या ऑटोत त्या बसत नाईत. मी काय करू?" मी त्याला सांगितलं की आमचीही तीच गत आहे.

शिकलेली बाई म्हणून त्यांनी आपली वऱ्हाडी कधी घडी करून ठेवली नाही. पुण्याच्या एका सर्जनला आम्ही यकृताचं मॉडेल दाखवत होतो. व्हिडिओ कॉलवरून ते म्हणाले, "वा, फारच सुंदर झालंय हो!" मॅडम पुढे झाल्या. "सुंदर दिसून राह्यलं ना? मंग थांबा जराशे. पाहू द्या काय चुकलं ते." त्या सर्जनांना हा विनोद वाटला. मॅडमनी खरंच मॉडेल मागे घेतलं आणि दोन दिवस तपासलं. एका जागी संगणकाने शीर आणि पित्तनळी एकच समजून जोडून टाकली होती. वरून ते अगदी छान वळणदार दिसत होतं. "गुयगुयीत दिसलं का समजाचं, कोनीतरी काहीतरी लपवून राह्यलं," त्या म्हणायच्या. "मी जिंदगीभर मानसं कापून पाह्यली. देवानं आतमंधी एकबी गोष्ट गुयगुयीत नाई बनवली."

हे वळण त्यांना नवऱ्याच्या धंद्यातून लागलं होतं. बापूसाहेब अकोल्याच्या धान्यबाजारात अडत्या होते. तुरीचा, सोयाबीनचा ढीग लागला की हर्रास, म्हणजे लिलाव, ते स्वतः बोलत. त्यांचा आवाज असा की फाटकाबाहेरच्या टपरीवर भाव कळायचा. लग्नानंतर त्यांनी मॅडमना एकदा बाजार दाखवायला नेलं आणि सांगितलं की ढिगाकडे वरून बघायचं नसतं, कोपरापर्यंत हात घालायचा आणि तळाची मूठ बाहेर काढायची. वर वाळलेला माल आणि खाली ओला, ही नेहमीची गोष्ट. मॅडमना ते इतकं पटलं की पुढे त्यांनी जगाच्या प्रत्येक ढिगात हात घातला.

पण संशयाने त्या नेहमी बरोबरच ठरत असं मुळीच नाही. एकदा परतवाड्याकडच्या एका बाईचं स्कॅन आलं, त्यात यकृत डावीकडे होतं आणि हृदय उजवीकडे. मॅडम म्हणाल्या, फाईल उलटी झाली. स्कॅन सेंटरला फोन, त्यांच्याशी भांडण, मग पुन्हा फोन. सेंटरवाला शपथेवर सांगत होता की फाईल सुलटी आहे, तसा मॅडमचा संशय आणखी पक्का होत होता. शेवटी त्यांनी त्या बाईंनाच बोलावून घेतलं आणि छातीला स्टेथोस्कोप लावला. ठोके उजवीकडे होते. बाई जन्मापासूनच तशा होत्या. मॅडमनी स्टेथोस्कोप काढला आणि त्या म्हणाल्या, "बाप्पा. आता देवाचंबी काम तपासाव लागते." सेंटरवाल्याची माफी त्यांनी मागितली, पण मागताना "यावेळेस तुमी बरोबर होते" असं म्हणाल्या, त्यामुळे तो आणखीच चिडला.

माझ्यावर तर त्यांनी पाळतच ठेवली होती. मी अचलपूरची, नवी नवी नोकरी, कामाचा हुरूप मोठा. एकदा मी एक जबडा रंगवून दिला. काही आठवड्यांनी दुसऱ्या नंबरचा आणखी एक जबडा माझ्याकडे आला, तोही दिला. मग मॅडमनी दोन्ही एकावर एक ठेवून दाखवले. जबडा एकच होता. तोच स्कॅन त्यांनी नंबर बदलून मला पुन्हा दिला होता, आणि माझ्या दोन्ही वेळच्या कडा एका कोपऱ्यात जुळत नव्हत्या. मला इतका संताप आला की मी डबा उघडलासुद्धा नाही. "मॅडम, तुमचा माझ्यावर अजिबात विश्वास नाही," मी म्हटलं.

"तुह्यावर नाई, माह्यावरबी नाई," त्या शांतपणे म्हणाल्या. "माह्या जुन्या फायली निखिलच्या कपाटात हायेत. तो मले नंबर बदलून देते, मी पुन्हा करून पायतो. जिथं माहंच माह्याशी जुयत नाई, तिथं मी लाल खूण करून ठेवतो. तूबी ठेव." निखिल म्हणजे आमच्या खोलीतला दुसरा इंजिनिअर. त्याने कपाट उघडून मला दाखवलं, ते खरंच होतं. तेव्हापासून खोलीचा नियमच झाला. अवघड केस असली की दोघांनी वेगवेगळी करायची, एकमेकांच्या पडद्याकडे न बघता, आणि मग एकावर एक ठेवायची. मला तो नियम पुढे आवडायला लागला, पण तसं मी त्यांना कधी सांगितलं नाही.

या सगळ्या संशयात एकच माणूस सुटा होता. बापूसाहेब कधीमधी अमरावतीला कामाला आले की आमच्या खोलीत डोकावत. पिशवीत संत्री असायची. आम्ही संत्रं दिलं तर मॅडम एकेक फोड उजेडात धरून बघत. बापूसाहेब सोलून द्यायचे ते मात्र त्या बोलता बोलता, न बघता तोंडात टाकत. निखिलने ते माझ्या लक्षात आणून दिलं, आणि मग आम्ही मुद्दाम बघायचो. बापूसाहेबांचा गाल कायम जरासा फुगलेला असायचा. आम्हाला वाटायचं, त्यांचा चेहराच तसा आहे.

मग एक दिवस मॅडम खोलीत आल्या आणि पर्स खांद्यावर तशीच ठेवून बसून राहिल्या. बापूसाहेबांचं तोंड काही महिन्यांपासून नीट उघडत नव्हतं, दोन बोटंही आत जात नव्हती. आत जखम होती, तुकडा काढून तपासला होता, कॅन्सर निघाला होता. आमच्याकडे वऱ्हाडात याचं कारण कुणाला विचारावं लागत नाही. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घोटून केलेला खर्रा दर टपरीवर मिळतो. बापूसाहेबांनी तो जवानीत खाल्ला होता आणि नातू झाला त्या वर्षी सोडला होता. सगळ्या बाजारापुढे सोडला होता, त्याची गोष्ट मॅडम आम्हाला कौतुकाने सांगत. "जुनं फेडाव लागते," त्या दिवशी त्या एवढंच म्हणाल्या.

स्कॅन अकोल्यात झालं होतं आणि सर्जनने जबड्याच्या मॉडेलसाठी ते आमच्याकडेच पाठवलं. मॅडमनी हात लावायला नकार दिला. मी रंगवलं. गाठ गालाच्या आतून हिरडीपर्यंत आली होती आणि खालच्या जबड्याला अशी चिकटली होती की मधे फट दिसत नव्हती. संगणकाने तिथे हाड आणि गाठ एकच रंगवलं होतं आणि मलाही वेगळं करता आलं नाही. याचा अर्थ सरळ होता. गाठ हाडात शिरली असेल तर जबड्याची एक पूर्ण बाजू काढायची, पायाचं हाड आणून तिथे बसवायचं. माणूस जगतो, पण बोलणं पहिल्यासारखं राहत नाही. खाणं पातळ. बापूसाहेबांनी सर्जनला एकच प्रश्न विचारला होता, हर्रास बोलता येईल का. सर्जनने खांद्यावर हात ठेवला होता. ऑपरेशनचा दिवस ठरला होता.

मॉडेल मॅडमनी बघितलं. खूप वेळ बघितलं. एकेक काप मागे पुढे केला. मग म्हणाल्या, "ह्या गाठीत चुना हाये."

निखिलने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. गाठीच्या आत बारीक पांढरे ठिपके होते खरे. पण गाठीत असे ठिपके कधी कधी असतातही. मॅडमचं म्हणणं असं की हे सगळं गाठ नाहीच. गाल आणि हिरडीच्या मधल्या खोबणीत काहीतरी भरलेलं आहे. स्कॅनच्या वेळी तोंडात खर्रा होता. गाठ आहे, पण लहान आहे, आणि खर्ऱ्याचा गोळा तिच्या आणि हाडाच्या मधे बसल्यामुळे सगळं एक दिसतं आहे. तोंड उघडत नसल्यामुळे डॉक्टरांना आत धड बघता आलेलं नाही.

त्यांनी सर्जनला फोन लावला. सर्जन चांगला माणूस होता, मॅडमचाच जुना विद्यार्थी. तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, मी तुमची मनःस्थिती समजू शकतो." मॅडमनी फोन ठेवला. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. जन्मभर त्यांनी ज्यावर बोट ठेवलं ते सगळ्यांनी, कुरकुरत का होईना, मानलं होतं. आज पहिल्यांदा त्यांच्या संशयाला लोक बायकोची आशा म्हणत होते. आणि खरं सांगायचं तर मलाही तेच वाटत होतं. मला त्यांची कीव आली.

"रुबीना, तू पाय," त्या म्हणाल्या. "माह्या डोयाले आज काही किंमत नाई. मी बायको हावो. मले जे पायजे तेच दिसून राह्यलं असन त मले कसं समजन? तू मले खुश कराले पाहू नको. नसन त नाई म्हन."

मी पाहिलं. हो म्हणावंसं वाटत होतं, म्हणून मी मुद्दाम नाही म्हणायची कारणं शोधत गेले. एका कडेला केसाएवढी काळी रेघ होती. काळं म्हणजे हवा. मांसात अशी रेघ नसते, पण जखमेच्या फटीत हवा राहू शकते. ठिपके चुन्याचे असतील, नसतीलही. मी म्हटलं, "मॅडम, मला सांगता येत नाही. लाल खूण करावी लागेल." त्यांनी मान हलवली. त्यांना ते उत्तर पटलं असावं, कारण मी खोटा धीर दिला नव्हता. उपाय एकच होता, तोंड स्वच्छ करून स्कॅन पुन्हा काढायचं. पण त्यासाठी आधी बापूसाहेबांना विचारावं लागणार होतं, आणि ते विचारणं मॅडमना स्कॅनपेक्षा अवघड होतं.

मला त्यांनी सोबत अकोल्याला नेलं. गाडीत त्या खिडकीबाहेर बघत होत्या आणि चेकरने तिकीट मागितलं तर त्याचा बिल्लासुद्धा त्यांनी पाहिला नाही. घरी बापूसाहेब ओसरीवर खुर्ची टाकून बसले होते. मला पाहून हसायला गेले, पण तोंड तेवढं उघडलं नाही. मॅडमनी पाणीही घेतलं नाही.

"स्कॅनच्या दिवशी तुमच्या तोंडात काय होतं?"

"काय असन? दात होते."

"खर्रा होता?"

"सोडून किती वर्सं झाले! तुले मालूम नाई काय?" त्यांनी गळ्याची कातडी चिमटीत धरली. "तुही शप्पत."

मॅडम बघत राहिल्या. मला वाटलं आता त्या खोलीतल्यासारख्या 'काहून' विचारतील. पण त्या म्हणाल्या, "उद्या पुन्हा स्कॅन काढू. मी संग येतो."

"म्हंजे माह्यावर भरवसा नाई तुले?"

"नाई."

इतक्या वर्षांत त्या घरात हा शब्द पहिल्यांदा उच्चारला गेला असावा. बापूसाहेब उठून आत गेले. मी मुक्काम केला. रात्रीच्या जेवणाला ताटं वाढली, पण त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

सकाळी स्कॅन सेंटरवर मॅडमनी तिथल्या माणसाला थांबवलं आणि बापूसाहेबांना बेसिनपाशी उभं केलं. "चूळ भरा." त्यांनी भरली. पाणी तपकिरी पडलं. "पुन्हा." पुन्हा तपकिरी, आणि आता सुपारीचे बारीक तुकडे. त्याही दिवशी सकाळी, कॅन्सर झालेल्या तोंडात, स्कॅनला निघण्याआधी ते गालात ठेवून आले होते. तोंड उघडत नव्हतं म्हणून मॅडमनी कापसाचा बोळा करंगळीने आत सारून खोबण पुसून काढली. बापूसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, दुखल्यामुळे की कशामुळे ते मला कळलं नाही. "भेव लागते मले," ते पुटपुटले, "त्या मशीनीत भेव लागते." मॅडमनी नळ मोठा केला आणि बेसिन हाताने धुऊन काढलं.

नवं स्कॅन निखिलने आणि मी वेगवेगळं रंगवलं, पडदे एकमेकांकडे पाठ करून. मॅडम त्या वेळात बाहेर बाकावर बसल्या होत्या. आम्ही दोन्ही मॉडेल्स एकावर एक ठेवली आणि त्यांना बोलावलं. कडा जुळत होत्या. गाठ निम्म्याहून लहान होती आणि तिच्याखाली हाडाची पांढरी रेघ सलग, न तुटता गेली होती. हाड शाबूत होतं. मॅडमनी माऊस घेतला, दोन्ही बाजूंनी बघितलं आणि दातापाशी माझा एक ठिपका खोडला. "इथं जराशी जास्त रंगवली व," त्या म्हणाल्या. मग टेबलाच्या कडेला धरून खाली बसल्या आणि रडल्या. आम्ही दोघं उगाच संगणकाशी काहीतरी करत राहिलो.

सर्जनने नवं मॉडेल पाहिलं आणि एक शब्दही न वाढवता आपला बेत बदलला. जबडा काढला नाही. गाठ काढली आणि खबरदारी म्हणून हाडाची वरची कड तेवढी तासली. पुढच्या तुरीच्या हंगामात बापूसाहेब बाजारात जाऊन उभे राहिले. आवाज पहिल्याइतका लांब जात नव्हता, पण शब्द शब्द कळत होता.

ऑपरेशननंतर मी त्यांना भेटायला अकोल्याला गेले तेव्हा बापूसाहेब झोपले होते आणि मॅडम त्यांच्यासाठी केळं कुस्करत होत्या. मला राहवलं नाही. मी विचारलं, "मॅडम, खरंच तुम्हाला कधी शंका आली नाही? तुम्हाला?"

"शंका?" त्यांनी चमचा थांबवला. "मले माहीत होतं. सोडला तवापासून माहीत होतं. धुनं मीच भिजवत होतो ना. खिशाले वास ये. पन्नीचा तुकडा भेटे."

"मग?"

"दिवसभर लोकाइच्या आतड्या-काळजावर संशय घ्याचा अन् घरी याचं. एक मानूस त असा पायजे ना व, का ज्याच्या खिशात हात घालाचा नाई. मी ठरवलं होतं, हे खरं बोलते. बस." त्या पुन्हा केळं कुस्करायला लागल्या. "माह्या त्या ठरवन्यापायी त्यायचा जबडा जात होता. त्यायनं खोटं बोललं ते एक झालं. अन् मी इमानदारीनं आंधयी राह्यली, त्याचं काय?"

त्यानंतर मॅडम आमच्या खोलीत पुन्हा आल्या नाहीत. खोलीची किल्ली निखिलकडे पाठवून दिली. पुढे दोघं मुलीकडे नाशिकला गेले असं कळलं. आमच्या खोलीत अजून दोघं वेगवेगळं रंगवतात आणि लाल खुणा करतात. नव्या मुलांना वाटतं की हा नियम मी काढला.

मॅडमशी ते बोलणं झालं त्या दिवशी अकोल्याहून मी अमरावतीला उतरले, पण खोलीवर गेले नाही. तशीच अचलपूरची एसटी धरली. माझे अब्बा तिथे गादी-रजईचं दुकान चालवतात. अब्बांनी तंबाखू सोडली आहे असं आमच्या घरात सगळे म्हणतात. अम्मी म्हणते, भाई म्हणतो, मीही म्हणत आले. दुकान उघडं होतं. अब्बा गादीला टाके घालत बसले होते, अंगावर कापसाचा भुगा.

"अरे, आज कैसे? फोन तो करती."

मी त्यांच्यासमोर जाऊन बसले. "अब्बा, जरा मुँह खोलो."

"काय कू?"

"देखना है."

"क्या देखना है, पगली. कब का छोड़ दिया मैंने." ते हसले. मी हसले नाही, नजरही काढली नाही. अब्बांनी सुई गादीत खोचून ठेवली. मग गुडघ्यावर हात टेकून उठले आणि तोंड उघडायच्या आधी, चूळ भरायला मागच्या नळावर गेले.